सिद्धम्माची गल्ली

लातुरात शिकवणीच्या पाट्यांनी गच्च भरलेल्या एका रस्त्यावर, पोरांच्या मेसच्या वर, उजमा ज्या लॅबमध्ये काम करायची ती होती. नाव डॉक्टरांचं, बेडक्याच्या बाटल्या उघडायचं काम उजमाचं. बारावीची पोरं तापाचं रक्त देऊन जात आणि पुन्हा दिसत नसत. सिद्धम्मा मात्र दर तीन महिन्यांनी यायचीच.

भूकंपात ती दीड दिवस कोसळलेल्या माळवदाच्या मातीखाली होती. माणसांनी तिला उकरून काढलं; गल्लीतलं दुसरं कुणी जिवंत निघालं नाही. छातीत माती गेली ती गेलीच. तेव्हापासून अठरा वर्षं खोकत होती.

"तुझ्या डॉक्टरला सांग," बाटली ठेवता ठेवता ती म्हणायची, "म्हातारीच्या थुंकीवर माडी चढवली त्यानं."

उजमा तारेनं बेडका प्लेटवर नागमोडी ओढून इन्क्युबेटरमध्ये ठेवायची. दुसऱ्या दिवशी जंतूंचे ठिपके उठत. पांढरे, पिवळे, हिरवे. पण तार कशीही ओढली, तरी सिद्धम्माच्या प्लेटवर ते समोरासमोरच्या दोन रांगांतच उठत. सहा इकडं, पाच तिकडं, आणि पाचांच्या मधे एक जागा मोकळी.

एकदा रिपोर्ट न्यायला आलेल्या सिद्धम्मानं वाकून पाहिलं.

"ही आमची गल्ली हाय."

"काहीतरीच काय, आजी."

"हे माणिकप्पाचं घर. ह्यो चंद्रप्पा. ही विठाबाई, लई भांडायची." बोट मोकळ्या जागेपाशी थांबलं. "हितं मी. मी भाईर हाय न्हवं, म्हणून रिकामं."

उजमा हसली. हात मात्र तिनं दोनदा धुतले.

त्याच सुमाराला ती आपल्या वर्षाच्या लेकीला, तूबाला, लॅबमध्ये आणू लागली. घरी सांभाळायला कुणी नव्हतं. बाकावर खेळणाऱ्या पोरीला सिद्धम्मा जवळ घ्यायची, कानडीत काहीतरी पुटपुटायची आणि दृष्ट लागू नये म्हणून तोंडावर फुंकर घालायची. उजमाच्या घरीही दुआ पढून लेकरावर फुंकतातच. त्या श्वासात काय आहे ते उजमाइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तरी तिनं अडवलं नाही. म्हातारीला वाईट वाटलं असतं.

तिथून पुढं दर खेपेला एक ठिपका कमी होत गेला. आधी पांढरे गेले, मग पिवळे. उजमाला नवल वाटलं नाही. जुन्या छातीत औषधं कच्च्या जंतूंना मारतात, चिवट तेवढे घर करून राहतात, हे ती शिकली होती. शेवटी एकटा हिरवा राहिला, द्राक्षांसारख्या गोडसर वासाचा. तो आता कशाला हटणार नाही, असं तिला वाटलं.

पुढच्या खेपेला प्लेट कोरी निघाली.

असं होत नसतं. उजमानं प्लेट उजेडात धरून पाहिली.

"हलकं वाटाय लागलंय, पोरी," सिद्धम्मा म्हणाली. तिचा श्वास खरंच वाजत नव्हता. "गेले सगळे."

"कुठं गेले?"

"म्हातारीत किती दिवस कोंडून राहायचं त्यांनी?" तिनं चार वर्षांच्या तूबाला मांडीवर घेतलं. या खेपेची फुंकर फार वेळ चालली.

त्या आठवड्यात तूबा खोकू लागली.

उजमानं कुणाला सांगितलं नाही. पोरीच्या घशाला कापूस लावला आणि प्लेटवर ओढला. या खेपेला तिनं सरळ, एकच रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं झाकण उचललं.

सहा इकडं. पाच तिकडं.

मधली जागा मोकळी होती. उजमानं त्या मोकळ्या जागेकडं पाहून श्वास सोडला. प्लेट परत आत ठेवली. खाली मेसमध्ये पोरं जेवायला जमली, ताटं वाजली, उठूनही गेली. दुपारी तिनं पुन्हा पाहिलं.

मोकळ्या जागी एक हिरवा ठिपका होता.

सिद्धम्माची तारीख अजून अडीच महिने लांब होती.

"अम्मी," बाकावरून तूबा म्हणाली. बाकावर ती एकटीच होती. तिनं तळहात छातीवर ठेवला होता. "आता आजी पण आली."

उजमा गुडघ्यांवर बसली. लेकीला कवटाळून तिच्या छातीला कान लावला.

आत, लांब, कुणीतरी दाराची कडी घातली.