सुळ्यामागची दाढ

पेणचा दातांचा डॉक्टर हरेश दवाखान्यासाठी गणपती ठरवायला जोहे गावातल्या मूर्तींच्या कारखान्यात आला, आणि नेमकं तेव्हाच ऋतुजानं हसायला नको होतं. पण ती हसली! समोर मूर्तीचा डोळा अर्धा आखलेला, गालात खडीसाखरेचा खडा, आणि दारात हा, छत्री उलटी झालेली, भिजून चिंब. हसणार नाही तर काय करणार?

त्याचं लक्ष मात्र तिच्या सुळ्यामागच्या दाढेवर. गेल्या वर्षी त्यानंच ती भरली होती.

"तोंडात काय आहे?"

"खडीसाखर. डोळे आखताना बोललं की हात हलतो. म्हणून मालक दिनानाथकाका सगळ्यांना खडा देतात, बोलायचंच नाय."

"दिवसभर?"

"व्हय..."

त्याचा चेहरा उतरला. "उद्या दवाखान्यात या. नक्की या."

झालं! पोरीला घास गोड लागेना. दाढ जाईल याची धास्ती होतीच. पण तो रागावला असेल याची धास्ती त्याहून मोठी, आणि ही दुसरी तिनं आईलासुद्धा सांगितली नव्हती.

दवाखान्यातल्या खुर्चीत तिनं डोळे गच्च मिटले. हरेशनं टोकदार हत्यारानं दाढेची कड चाचपली.

"फिलिंगच्या कडेनं कीड शिरलीय. दाढ वाचेल... पण चूक माझी." त्यानं सुस्कारा टाकला. "चांदीपेक्षा पांढऱ्या फिलिंगच्या कडेला कीड लवकर धरते. साधं सिमेंट भरलं तर ते झिजतं. तुमच्या दातांना चांदीच हवी होती. ती काळी पडते म्हणून तुम्ही नको म्हणालात, आणि मी ऐकलं."

"का ऐकलंत?"

हरेश उगाचच हातमोजे ओढत राहिला. "आता... चांदी भरू?"

तिनं तोंडावर हात धरला. "हसले की काळं दिसेल. रविवारी कोलाडवरनं पाहुणे येतायत... मला बघायला."

हत्यार ट्रेमध्ये खणकन पडलं.

"मग पांढरंच भरतो," तो हळूच म्हणाला. "पण खडीसाखर सोडा. नाहीतर पुन्हा कीड लागेल."

ऋतुजाला रडूच यायला लागलं. हा माणूस दाढेचं सगळं सांगतो, आणि विचारायचं तेवढं विचारत नाही! आता आपणही गप्प बसलो तर रविवारी लग्न ठरून नारळ फुटायचा आणि कोलाडला जावं लागायचं.

"तुम्हाला काय वाटतं?" तिनं विचारलं.

"डॉक्टर म्हणून सांगायचं तर, चांदी."

"आणि... डॉक्टर नसतात तर?"

त्यानं मास्क खाली ओढला. कान लालबुंद झाले होते.

"तर म्हटलं असतं, पाहुण्यांना येऊ नका म्हणून सांगा. माझी आई रोह्याला असते. रविवारी तिला घेऊन मीच आलो असतो..." तो अडखळला. "येऊ का?"

भुलीचं इंजेक्शन अजून दिलंही नव्हतं, तरी ऋतुजाची जीभ हलेना. मान मात्र हलली.

"मग पांढरं कशाला?" ती कशीबशी म्हणाली. "चांदीच भरा. रोज बघायची तुम्हालाच हाय."