पोरांनी नापास केलेला टॅब्लेट

"अजून सही झाली न्हाय! पळ!" म्हणत मोनाने ऋतुराजला तालमीच्या पायऱ्यांवर ढकललंच. मागून तिची मामेबहीण अस्मिता धापा टाकत आली. ती मे महिन्याच्या सुट्टीत हुपरीहून कोल्हापूरला आली होती.

तालीम मंडळ अभ्यासिकेसाठी पंचवीस छोटे, स्वस्त टॅब्लेट घेणार होतं, आणि खरेदीच्या कागदावर आजच सही होणार होती. ऋतुराजच्या घरातला एकुलता एक मोबाईल बाबा कामावर नेत. शिष्यवृत्तीचा अभ्यास करायचा, तर त्याला हा टॅब्लेटच हवा होता.

"बघा, सकाळपासून व्हिडिओ चालूये! दहा तास बॅटरी!" विक्रेता ऐटीत सांगत होता. मंडळाचे अध्यक्ष हंबीरराव मान डोलावत होते. मोठ्या माणसांचं हे असंच! चहा झाला की तपासणी झाली.

अस्मिताने टॅब्लेट उचलला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. तिच्या घरी चांदीचे पैंजण घडतात. कारागिराकडे जाणारी चांदी असो की परत येणारे पैंजण, काट्यावर चढल्याशिवाय काहीच पुढे जात नाही. त्यामुळे वजन ओळखण्यात तिचा हात चांगला तयार झाला होता.

"खोक्यावर तीनशे वीस ग्रॅम लिवलंय. हे पाचशेच्या वर हाय!"

"अगं, कव्हरचं वजन ते!" विक्रेता हसला.

"मग कव्हर काढा की!"

"हात लावायचा नाही! सील आहे!"

"ए पोरींनो, मोठ्यांच्यात बोलू नका. चला बाहेर!" हंबीरराव गरजले.

"जाणार न्हाय!" मोना पाय रोवून उभी राहिली. "वापरणार आम्ही, आणि बघणार तुम्ही एकटंच व्हय?"

तेवढ्यात ऋतुराज शेजारच्या डेअरीतून केरबाकाकांचा खव्याचा काटा घेऊन आला. आकडा दिसला पाचशे साठ! अस्मिताने कुणाला न विचारता कव्हर उचकटलं. आत चपटी पॉवर बँक, आणि तिची बोटभर वायर टॅब्लेटमध्ये खोचलेली!

"आता हिच्याबिगर चालवू!" असं म्हणून तिने वायर उपसली.

सगळे टॅब्लेटभोवती बसले. पन्नास मिनिटांत पडदा काळा! तोवर विक्रेत्याने बॅग भरली होती.

"शाबास रं वाघांनो! बक्षीस काय पायजे?" हंबीररावांनी विचारलं.

"बक्षीस ऱ्हाऊ दे, काका," अस्मिता म्हणाली. "आम्हाला बाहेर हाकलत होता, त्याचं काय ते सांगा!"

हंबीरराव उठून उभे राहिले.

"चुकलं माझं," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "हितनं पुढं पोरांनी पास केल्याबिगर मी सही करणार न्हाय!"

पुढच्याच आठवड्यात पोरांनी आणखी दोन टॅब्लेट नापास केले, आणि हंबीररावांनी दोन्ही विक्रेत्यांना मुकाट्याने परत पाठवलं.