प्रयागबाईच्या तेरा गाठी

हे सांगितलं की लोक हसतात, मला माहीत आहे. हसा खुशाल. पण सावळारामअण्णा, माझे थोरले चुलते, थापा मारणाऱ्यातले नव्हते. जन्मभर सरकारी मोजणीदार. इंचभर इकडचं तिकडं झालेलं त्यांना खपायचं नाही.

आणि हे रात्रीचं नाही बरं का. भर दुपारी बारा वाजता घडलेलं आहे. साल १९५६, महिना वैशाख, गाव शेळगाव, तालुका इंदापूर.

ज्याला खोटं वाटेल त्यानं इथंच थांबावं.

अण्णा राहायला बारामतीत, नेमणूक इंदापूर तालुक्यात. ऊन, काटे, विंचू, कशाचंच त्यांना काही वाटायचं नाही. त्यांचं डोकं फिरायचं ते दोघांपायी... वकील आणि पक्षकार.

"पक्षकाराला वाटतं मोजणीची साखळी रबराची आहे," ते म्हणायचे. "अन् वकिलाला वाटतं, मोजणी झालीच नाही तर बरं!"

नोटीस पोचली नाही, मोजणी रद्द. पीक उभं आहे, रद्द. एकदा तर वकिलाच्या मेव्हण्याचं लग्न म्हणून रद्द! अण्णा सायकल दामटत जायचे आणि हात हलवत परत यायचे.

अशाच एका दाव्यात शेळगावची प्रयागबाई त्यांच्यापुढं आली. एकटी म्हातारी, पोटी मूल नाही. नवराबायकोनं मेंढरं विकून ओढ्याकाठी जमीन घेतली होती आणि स्वतःच्या हातानं विहीर खणली होती. नवरा गेला. विहीर राहिली. तिच्या पाण्यावर वांगी, मिरच्या आणि म्हातारीचं पोट.

शेजारच्या सर्जेरावानं एके वर्षी विहिरीपलीकडचा हद्दीचा दगडच उपटला आणि म्हणाला, विहीर माझी. म्हातारी कोर्टात गेली.

दगड गेला तरी जुन्या सरकारी कागदात माप होतं. ओढ्याच्या दगडापासून सरळ चौदा साखळ्या. एक साखळी तेहतीस फुटांची. चौदावी संपेल तिथं हद्द.

इतकं सोपं काम.

१९५५ च्या चैत्रात अण्णा मोजायला गेले. साखळीचं पुढचं टोक कुंडलिककडं. तो त्यांचा जुना साखळीवाला, दर साखळीला खिळा रोवून आकडा ओरडायचा. मागून चालत होती प्रयागबाई. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून ती दर साखळीला लुगड्याच्या पदराला एक गाठ मारत होती.

सर्जेरावाचे वकील बापूसाहेब अण्णांच्या कानाशी लागलेले. "साखळी ढिली आहे. आमची हरकत लिहा. हेही लिहा." नवव्या साखळीवर त्यांनी असा वाद घातला, असा वाद घातला, की अण्णांचं टाळकंच सरकलं.

"किती झाल्या, रावसाहेब?" लांबून कुंडलिकनं विचारलं. त्या गोंधळात तोही आकडा विसरला होता.

"दहा! चल, अकरावी घे!"

झाल्या होत्या नऊच.

चौदावी म्हणून खुंटी ठोकली ती विहिरीच्या अलीकडं. विहीर गेली सर्जेरावाकडं.

प्रयागबाई पदर घेऊन पुढं आली. "दादा, माझ्या तेराच गाठी हायत. एक राहिली."

बापूसाहेब खो खो हसले. "आता काय, कोर्टात लुगडं दाखल करायचं?"

सगळे हसले.

अण्णाही हसले.

"आजी, हरकत असेल तर फेरमोजणीचा अर्ज करा," असं म्हणून ते सायकलवर बसले.

घरी नकाशा काढताना पडताळ्याची रेघ जुळेना. पुन्हा केलं. पुन्हा तेच. बरोबर एका साखळीचा फरक... आणि मग अण्णांना ती नववी साखळी आठवली.

कबूल करावं तर बापूसाहेब भर कोर्टात सालटी काढणार. नोकरीवर येणार. घरात चार पोरं. अण्णांनी रेघ ओढूनताणून जुळवली आणि नकाशा कोर्टात दिला.

त्यानंतर दर तारखेला प्रयागबाई कचेरीच्या दारात उभी. शेळगावाहून पायी. पदर मुठीत.

"गाठी सोडल्या न्हाईत मी, दादा. एकदा मोजा की. एकच राहिलीया."

"कोर्टाचा हुकूम येऊ द्या, आजी," अण्णा खाली बघून म्हणायचे.

तिचा स्वतःचा वकील निम्म्या तारखांना यायचाच नाही. आला की पुढची तारीख मागायचा.

पौषापासून ती दिसेनाशी झाली. अण्णांना जरा हायसं वाटलं. हे त्यांनी स्वतः मला सांगितलं.

वैशाखात तिच्या जुन्या अर्जावर फेरमोजणीचा हुकूम आला.

त्या दिवशी दोघांपैकी एकही वकील आला नाही. सर्जेरावही नाही. पंच जेवून येतील, एवढा निरोप. शेतात फक्त अण्णा आणि कुंडलिक.

डोक्यावर सूर्य. चिटपाखरू नाही.

विहिरीवर मोटेचा आवाज नाही. प्रयागबाईच्या वांग्यांच्या नुसत्या काड्या उरलेल्या.

अण्णांनी ओढ्याच्या दगडाला साखळी लावली आणि सहज मागं पाहिलं...

प्रयागबाई उभी होती.

"आलात व्हय, दादा?"

अण्णांना मान वर करवेना. "आलो, आजी. आज नीट मोजतो."

"एक!" कुंडलिक ओरडला.

अण्णा चालू लागले. मागून ढेकळांवर पावलं वाजत होती. साखळी थांबली की पावलं थांबायची.

नवव्या साखळीला अण्णा मुद्दाम थांबले. "नऊ झाल्या! आता दहावी घे!" असं मोठ्यानं म्हणाले.

मागून एक उसासा ऐकू आला.

तेराव्या साखळीला पायाशी एक खुंटी लागली. गेल्या वर्षी चौदावी म्हणून ठोकलेली... तीच.

कुंडलिक विहिरीला वळसा घालून पुढं गेला. साखळी ताणली. खिळा रोवला. आकडा ओरडायला तोंड उघडलं...

"चौदा."

बाईचा आवाज. अगदी जवळून. फार दमलेला.

कुंडलिक तोंड उघडं ठेवून बघत राहिला. "रावसाहेब... तुमी बोलला का?"

अण्णांनी तिथंच खणायला लावलं. जुने मोजणीदार हद्दीच्या दगडाखाली कोळसा पुरायचे. दगड कुणीही उपटील, पण कोळसा कुजत नाही.

हातभर खाली कोळसा लागला. मूठभर, काळाभोर.

"सापडली हद्द, आजी! विहीर तुमचीच!" अण्णा आनंदानं वळले.

मागं कुणी नव्हतं.

ढेकळांत पावलं होती ती अण्णांची आणि कुंडलिकची, दोघांचीच.

"कुणाशी बोलताय?" कुंडलिकचा चेहरा उतरला. "सकाळधरनं आपून दोघंच हाय की हितं."

तेवढ्यात पंच आले. त्यांच्याबरोबर शेजारच्या वस्तीवरची द्वारकाबाई. अण्णा घाईघाईनं म्हणाले, "प्रयागबाईंना बोलवा. कागदावर अंगठा पाहिजे."

द्वारकाबाई बघतच राहिली.

"ती पौषातच गेली की, सायेब. तापानं. विहिरीवर तिला येऊ देत न्हवते. मी ओढ्यावरनं घागर आणेपातूर... पाणी पाणी करत गेली बगा." तिनं डोळ्याला पदर लावला. "मूठ उघडंना तिची. तेरा गाठींसकट दिला अग्नी."

अण्णा ढेकळांतच बसले. पंचांसमोर, कुंडलिकसमोर, लहान पोरासारखे रडले. तिच्या खोपटापासून विहीर तीस पावलांवर होती.

अहवालात त्यांनी सगळं लिहिलं. आपली चूकही लिहिली. अण्णांची बढती गेली, पण त्याचं त्यांना काही नव्हतं.

कोर्टात बापूसाहेब उभे राहिले. "वादी मयत. वारस कुणी नाही. दावा निकाली काढावा."

तिच्या वकिलानं ती गेल्याचं कळवलंसुद्धा नव्हतं. दोन मिनिटांत दावा संपला. खरा नकाशा फायलीत गेला. विहीर सर्जेरावाकडंच राहिली.

त्यानंतर अण्णांनी एक सवय लावून घेतली. आकडा बुकात लिहायचा आणि दर साखळीला उपरण्याला एक गाठ मारायची. घरी आले की काकू गाठी मोजायच्या.

दर वेळी... एक गाठ जास्त.

"ती मी मारलेली नाही," अण्णा म्हणायचे आणि न जेवता उठायचे.

त्यांची शेवटची मोजणी जळोचीत झाली, १९५९ साली. बुकात नऊ साखळ्या. उपरण्याला दहा गाठी. त्या त्यांनी कुणाला सोडू दिल्या नाहीत.

ते उपरणं आज माझ्या ट्रंकेत आहे. नऊ गाठी पुरुषी हाताच्या, करकचून मारलेल्या. दहावी पार टोकाला. बायका पदरात काहीतरी बांधून ठेवतात ना, तशी.

चाचपली की आत काहीतरी खडबडीत लागतं. कापडाला बाहेरून काळं लागलेलं आहे. दोनदा धुतलं, गेलं नाही.

ती सोडून बघायची माझी छाती होत नाही. आणि सोडून तरी कुणाला दाखवू? कागदावर विहीर अजून सर्जेरावाच्याच हद्दीत आहे.