दीड लिटरची फुंकर

"मॅडम, यावर तुमचा काय, ब्रह्मदेवाचाही विश्वास बसणार नाही," रंगनाथ भोईट्यांनी खुर्ची पुढे ओढली. "प्यायली होती ती गाडी. मी नाही!"

परिवहन कार्यालयातल्या सुनावणी अधिकारी तांबोळीबाईंनी पेन खाली ठेवलं. मागच्या बाकावर भोईट्यांची सून हेमलता होती, तिला चिकटून आठ वर्षांची नात स्वरांगी. पोरीच्या कपाळावर टाक्यांची पट्टी. म्हाताऱ्यानं आल्यापासून तिकडं मान वळवली नव्हती.

"उसाच्या इथेनॉलवर चालते ना ती? टाकीतून दरवळ सुटला. पहिल्या वळणावर मला लावणी आठवली, दुसऱ्यावर हॉर्न ताल धरायला लागला. खांबावर आदळलो, तिथल्या पोलिसानं माझं तोंड हुंगलं, तर तोही झिंगला बिचारा!"

दारातला शिपाई फिस्सकन हसला. बाई हसल्या नाहीत.

"भावकीत यात्रेचं जेवण होतं म्हणे?"

"वाटीभर रस्सा प्यालो. पाहुण्याला नाही म्हणता येतंय होय?"

"काका, पोर गाडीत नसतं तर दंडावर भागलं असतं. नव्या कायद्यानं लहान मूल सोबत असलं की सहा महिने कैद, परवाना कायमचा रद्द. आणि ती अठराची होईपर्यंत तुमच्यासोबत तिला एकटं कुठं पाठवता येणार नाही."

मिशीवरचा हात खाली आला. शाळा, पोहायची विहीर, शनिवारची भेळ. सगळीकडं तेच तिला नेत होते.

"पण गाडीतल्या श्वासपेटीनं पास केलंय मला! नळीत फुंकल्याशिवाय गाडी चालू तरी होते का? दारूचा अंश शून्य. बघा की!"

"शून्यच आहे." बाईंनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडं वळवला आणि टेबलावरची तसलीच पेटी पुढं सरकवली. "पण फुंकर पुरती आली का, हे कळायला पेटी हवाही मोजते. त्या दिवशी दीड लिटर. आता यात फुंका. जोरात."

रंगनाथांनी फुंकलं. आकडा तीन लिटरवर जाऊन थांबला.

"दमा उसळला होता हो त्या दिवशी," ते घाईनं म्हणाले. "छाती अशी आवळली, की अर्धी फुंकर नळीतनं माघारी—"

"खोटं, आबा!" स्वरांगी उभी राहिली. हेमलतानं तिचा हात धरला, तो तिनं सोडवला. "तुम्हीच म्हणालात, वाढदिवसाच्या मेणबत्तीवर फुंकतीस तशी फुंक. मी फुंकलं."

मग ती तांबोळीबाईंकडं वळली.

"गाडी मी चालू केली ना? मलाही शिक्षा होणार का?"