कानमण्याने दिलेलं उत्तर

त्या काळात सरकारी रुग्णालयांत डॉक्टर आणि पेशंट एकमेकांचा आवाज ऐकतच नसत. दारातून आत शिरताना प्रत्येकाच्या दोन्ही कानांत ज्वारीच्या दाण्याएवढा एकेक मणी बसवला जाई. समोरचा बोलला की मणी त्याचा आवाज दाबून टाकी आणि तेच बोलणं आपल्या भाषेत, आपल्या बोलीत ऐकवी. सरकारी कागदांवर त्याचं नाव 'सांस्कृतिक संवादक' असं भारदस्त होतं. लोक त्याला कानमणी म्हणत. समित्यांपेक्षा लोकांना नावं बरी सुचतात.

मणी आला तो गरजेपोटीच. डॉक्टर मिळतील तिथून आणावे लागत. घाटाजवळच्या या रुग्णालयात कर्करोग विभाग सांभाळणाऱ्या डॉ. इबेमचा लैशराम मणिपूरच्या होत्या आणि त्यांचं मराठी 'पाणी' आणि 'बसा' याच्या पुढे गेलं नव्हतं. सुरुवातीचे मणी शब्दाला शब्द ठेवत, त्यामुळे घोटाळे होत. किती दुखतंय असं विचारलं की एखादा धनगर म्हातारा "बरं हाय" म्हणे, कारण परक्यासमोर कण्हणं त्याला शोभत नसे, आणि डॉक्टर त्याला खरंच बरा समजून घरी पाठवत. मग दुसऱ्या पिढीचा मणी निघाला. हजारो गावांतल्या चालीरीती, लाजा, मानापमान त्याने शिकून घेतले होते. शब्द काही का असेनात, ऐकणाऱ्यावर योग्य तो परिणाम झाला पाहिजे, असं त्याचं काम होतं. शास्त्रज्ञ याला 'परिणामानुवाद' म्हणत. आता "बरं हाय" डॉक्टरांच्या कानात "खूप दुखतंय" होऊन पोचे. धुळा कोळेकरच्या पोटातली गाठ अशीच सापडली होती.

म्हणूनच त्याच्या बायकोचा, मायाक्काचा, मण्यावर विश्वास बसला होता. आज ती भांडायला आली होती.

धुळा जाऊन दीड महिना झाला होता. मायाक्काबरोबर तिचा मुलगा बिरूही आला होता, पण आईशेजारची खुर्ची सोडून तो दाराजवळ बसला. महिनाभर तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

कोळेकरांच्या घराण्यात एक रीत होती. मेंढका शेवटाला लागला की कळप हलवायचा नाही. त्याला मेंढरांत आणून निजवायचं आणि मुलाने त्याची काठी त्याच्याच हातून घ्यायची. दिवाळी झाली की कळप कोकणात उतरे. रासायनिक खत बंद झाल्यापासून भातखाचरांचे मालक लेंडीखतासाठी मेंढरं शेतात बसवून घ्यायला डोळे लावून असत, त्यामुळे मुक्काम वाढवायचा तर तसंच मोठं कारण लागे. म्हणून मायाक्काने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला होता: कळप जाऊ द्यायचा, का थांबवायचा? कानात उत्तर आलं, जाऊ द्या, औषध लागू पडतंय, धीर धरा. तिने बिरूला कळपाबरोबर पाठवून दिलं. विसाव्या दिवशी धुळा गेला, तोंडात नळी असताना. बिरू घाटाखाली होता, तो मातीलाही पोचला नाही.

पुढे रुग्णालयाचे कागद हातात आले. त्यांत लिहिलं होतं की पेशंटकडे तीनच आठवडे आहेत, ही कल्पना पत्नीला दिली होती. बिरूने ते वाचलं आणि आईकडे पाठ फिरवली. आईला सगळं माहीत होतं, कळप अडून राहू नये म्हणून तिने आपल्याला बापापासून तोडलं, असं त्याच्या मनाने घेतलं. डॉक्टरणीने त्याच्या तोंडावर खरं सांगावं, एवढंच मायाक्काचं मागणं होतं. नवरा तर गेलाच होता, मुलगा तरी हातचा जाऊ नये.

या भेटीसाठी शलाका देवस्थळी मुद्दाम पुण्याहून आल्या होत्या. मण्याला रीती शिकवणाऱ्या शास्त्रज्ञांच्या त्या प्रमुख. त्यांनी सगळ्यांना मणी काढायला लावले, मण्यांनी साठवलेली मूळ ध्वनिमुद्रणं ऐकली आणि डॉक्टरांना इंग्रजीत, मायाक्काला मराठीत, दुभाष्यासारखं एकेक वाक्य सांगितलं.

कळपाचं विचारलं त्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या होत्या की हातात तीन आठवडे आहेत, मुलाला जाऊ देऊ नका, हवं तर यांना घरी न्या, दुखू नये म्हणून औषध मी देते. आठ दिवसांनी, नवऱ्याचे हाल बघवेनात तेव्हा, मायाक्का म्हणाली होती की नळ्या काढा, मी त्यांना कोकणात मेंढरांत नेते. डॉक्टरांच्या कानात पडलं होतं, तुमच्यावर भरवसा आहे, जमेल ते सगळं करा. आणि मायाक्काच्या कानात पुन्हा तेच, धीर धरा.

डॉक्टरांनी ते वाक्य पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या की या बाईंचा त्यांना मनातून राग येत होता. मरणाऱ्या माणसाला ही बाई सुखाने जाऊ देत नाही, असं त्यांना रोज वाटायचं.

"खोटं कुनी बोलाय लावलं त्येला?" मायाक्काने विचारलं.

शलाका म्हणाल्या की कुणीच नाही. परिणाम साधायचा तर चांगला परिणाम कोणता, ते मण्याला सांगावं लागतं. पेशंटने उपचार अर्धवट सोडू नयेत, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. वाईट काही नव्हतं त्यात. पुढचं मणी आपण होऊन शिकला. आता आशा नाही असं सांगितलं की धनगर आपला माणूस उचलून कळपात नेतात, हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

"म्हंजी आमची रीत त्येला ठावं हुती."

"हो."

"ठावं हुती म्हनून फसवता आलं. ज्याला ठावं न्हाई त्यो काय फसवनार?"

 चार वर्षांत राज्यभरातून तक्रारी जवळपास संपल्या होत्या, डॉक्टर खूश होते, पेशंट खूश होते, आणि त्याबद्दल शलाकांचा सत्कारही झाला होता. ज्या लाखो लोकांनी एकमेकांचे आभार मानले, त्यांतले कितीजण खरोखर एकमेकांशी बोलले होते, ते आता त्यांनाही सांगता आलं नसतं.

मायाक्का दाराकडे वळली. "ऐकलंस न्हवं, बिरू? म्या तुला फसवलं न्हाई."

बिरू उठून जवळ आला. महिन्याभरात पहिल्यांदाच तो तिच्याशी बोलला.

"आये, डाक्टरीण ह्ये सांगत हुती तवा तू तिच्या तोंडाकडं बघत हुतीस का न्हाई?"

"बघत हुते."

"कसं हुतं तोंड?"

 "पडलेलं हुतं. डोळ्यांत पानी हुतं तिच्या."

"मुक्या मेंढराचं तोंड बघून दोन दिस आदी सांगतीस तू, ह्ये जगनार न्हाई म्हनून. आनि मान्साचं तोंड तुला वाचता आलं न्हाई?"

"आलं हुतं रं," मायाक्का म्हणाली. "समदं कळलं हुतं. पर कानात ग्वाड पडत हुतं आनि मला त्येच पायजे हुतं. ही बाई समूर रडत हुती आनि म्या तिला लबाड ठरवून कानाचं खरं मानलं. तुज्या बापाला म्याच हितं मारलं."

बिरूने खाली बसून आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. डॉक्टरांना शब्द कळले नाहीत, पण त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी शलाकांना हळूच विचारलं, काय म्हणाल्या त्या?

शलाकांनी मायाक्काकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. या डॉक्टरांना आणखी किती सोसायला लावायचं, असं त्यांना वाटलं. त्या इंग्रजीत म्हणाल्या, "त्या म्हणतात, झालं ते झालं. तुमच्यावर त्यांचा राग नाही."

डॉक्टरांनी श्वास सोडला. चेहरा सैलावला, ओठांवर थोडं हसू आलं, आणि त्यांनी मायाक्कापुढे हात जोडले.

मायाक्का त्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती.

"बाई," ती शलाकांना म्हणाली, "ह्ये म्या बोलले न्हवते."