सप्ताहाचा आठवा दिवस

कुरुंद्याच्या सप्ताहाला नीलांबरी पहिल्या दिवशी पोचली, तेव्हा मंडपाच्या तोंडाशी एक शिडी होती आणि शिडीवर एक तरुण. खाली न बघताच तो म्हणाला, "तिथून नाव वाचता येतंय का, बघा बरं." दिव्यांच्या पाटीवर त्या दिवशीच्या कीर्तनकारांचं नाव सरकत होतं. तिनं ते वाचून दाखवलं. त्यानं वळून पाहिलं... आणि हातातला पाना खाली पडला. ओळख झाली ती एवढीच.

तो प्रभू. घर मेंढरांचं. डिप्लोमा करून त्यानं ही पाटी स्वतः बनवली होती; गावानं विश्वासानं सांगितलेलं पहिलंच काम. नीलांबरी वसमतला कॉलेजात संगणकाची सी भाषा शिकवायची. सप्ताहाची व्यवस्था बघणारे बंडोपंत तिचे काका, आणि कीर्तन म्हटलं की ती तहानभूक विसरे. रोज ती कीर्तनाच्या तासभर आधी येऊ लागली. पाटीपाशी एवढं काय वाचायचं असतं, हे तिला कुणी विचारलं नाही; तिनंही स्वतःला विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी कळलं, की सातव्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं तो पुण्याला नोकरीवर निघणार. त्या दिवशीच्या निरूपणातलं तिला काही आठवत नाही.

सहाव्या दिवशी, गुरुवारी दुपारी, मंडपात एकटा वीणेकरी पहाऱ्याला उभा होता. शेताकडून हळद शिजल्याचा वास येत होता. प्रभूनं लॅपटॉप उघडून तिला प्रोग्राम दाखवला. कीर्तनकारांच्या नावांना त्यानं सात खाने केले होते. दिवस बदलला की पुढच्या खान्यातलं नाव पाटीवर.

"आणि आठव्या दिवशी?" तिनं विचारलं.

"सप्ताह सातच दिवसाचा राहतो नं, मॅडम?"

"काल्याचं कीर्तन कधी असतं मग?"

दरसाल या दिवसांत प्रभूच्या घरची मेंढरं कनेरगावच्या पलीकडं चरायला जात. कीर्तन त्यानं ऐकलं ते दूरच्या भोंग्यावर. काल्याला तो कधी आलाच नव्हता. बंडोपंतांनी दिलेल्या यादीत काल्याच्या कीर्तनकारांचं नाव कागदाच्या पाठीवर होतं. कागद त्यानं उलटला नाही, आणि कुणी सांगितलंही नाही. जे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, ते सांगायचं काय?

आठव्या दिवशी यंत्र सात खाने ओलांडून पुढचं वाचणार होतं, आणि प्रोग्राममध्ये त्यापुढं होती पंगत देणाऱ्यांची यादी. पहिलंच नाव शकुबाईंचं. म्हणजे काल्याच्या दिवशी, भरल्या मंडपात, पाटी सांगणार होती की आजचं कीर्तन शकुबाईंचं.

प्रभूनं यादी पुन्हा वर-खाली सरकवून पाहिली. "मशीननं सांगितलं काहून न्हाई?"

तिनं पाहिलं, तर प्रोग्राम तपासून यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या कंपायलरचे इशारे त्यानं बंदच ठेवलेले. तिनं सगळे चालू केले. तरी कंपायलर गप्प.

"हे बी मुकंच," प्रभू म्हणाला.

मग तिनं दिवसाच्या जागी सरळ सात लिहिलं. सी शून्यापासून मोजते, तेव्हा सात म्हणजे आठवा खाना. लगेच इशारा आला – हा खाना हद्दीबाहेर आहे. सात काढून दिवस पुन्हा घड्याळातून घेतला, की पुन्हा शांतता.

"आकडा समोर दिसला तरच ते बोलतं," ती म्हणाली. "घड्याळात उद्या काय येईल, ते त्याला कुठून कळणार? तिथं आपणच सांभाळायचं."

त्यानं आठवा खाना केला, नाव भरलं, हद्द तपासणारी ओळ घातली. घड्याळ दोन दिवस पुढं करून पाहिलं. नाव बरोबर आलं.

"चला," लॅपटॉप मिटत तो म्हणाला. "आता मी नसलो तरी पाटी चालंल."

तिला आनंद व्हायला हवा होता.

"नोकरीवर हजर कधी व्हायचंय?"

"सोमवारी."

"मग उद्याच कशाला जाता? शनिवारी काला घेऊन जा."

"थांबून करू काय? काम तर झालं की."

तिनं वीणेकऱ्याकडं पाहिलं. तो डोळे मिटून उभा होता.

"कामासाठी नाही..." ती म्हणाली. "मला वाटतं म्हणून थांबा."

प्रभू बोटांनी वायर गुंडाळू लागला.

"थांबलो तर सोमवार लई जड जाईल," तो हळूच म्हणाला.

"मलाही जाईल. पण हे न बोलता गेला असतात, तर त्याहून जड गेलं असतं."

शुक्रवारची गाडी प्रभूला न घेता गेली.

शनिवारी हंडी फुटली, गजर झाला आणि बंडोपंत काला वाटायला उभे राहिले. प्रभू समोर आला, तसं त्यांनी विचारलं, अजून गेला नाहीस का रे? उद्या निघतो, तो म्हणाला, पण दर महिन्याला येईन.

"दर महिन्याला? पाटी एवढी बिघडते की काय?"

प्रभूनं मान खाली घातली. मागून नीलांबरी म्हणाली, "पाटी ठणठणीत आहे, काका. ते मला भेटायला येणार आहेत."

बंडोपंतांचा हात पातेल्यातच राहिला. त्यांनी एकदा पुतणीकडं पाहिलं, एकदा त्या मेंढरं राखणाऱ्याच्या पोराकडं. रांग मागं थांबली होती.

"पुढं सरका," ते म्हणाले, आणि प्रभूच्या भरल्या ओंजळीत त्यांनी आणखी एक मूठ काला घातला.