नाव घातलेली कळशी

शके १८७४, फाल्गुन वद्य पक्ष. सोमवार, दिनांक ९ मार्च १९५३. स्थळ : शीळफाट्याच्या अलीकडचा एक पाडा, तालुका ठाणे. या दिवशी सकाळी नऊ वाजता सरकारी रसायनतज्ज्ञ श्रीपाद परशुराम केतकर यांनी गुणाजी म्हात्र्यांच्या विहिरीचे पाणी बाटलीत भरले, हुंगले आणि विलंब न लावता वहीत लिहिले : पेट्रोल.

सतरा वर्षांच्या नोकरीत केतकरांना एकही अभिप्राय मागे घ्यावा लागला नव्हता, आणि ही गोष्ट ते कोणाला विसरू देत नसत. इथे तर वादाला जागाच नव्हती. विहिरीपासून साठ पावलांवर एका कंत्राटदाराने युद्धकाळात पुरलेली पेट्रोलची लोखंडी टाकी होती. ती गळते असे ठरले, तर कंत्राटदाराने ती उपसून गुणाजींना नवी विहीर खणून द्यायची. न ठरले, तर विषारी म्हणून जुनी बुजवायची आणि पाड्याने कोसभरावरून पाणी वाहायचे.

गुणाजींचा ताठा केतकरांच्या तोडीचा होता. त्या खारट मुलुखात गोड पाणी लागले होते ते त्यांच्या आजाच्याच कुदळीला. कळव्याचे सोयरे परत जाताना घागर भरून नेत.

"आमचे बावीचा पानी पिऊन कोनी खोटा बोलत नाय, सायेब," ते म्हणाले. बाव म्हणजे विहीर, एवढे केतकरांना कळले. बाकीचे विधान त्यांनी नोंदवले नाही.

गुणाजींची सून कलावती हिची कळशी पंधरा दिवसांपूर्वी दोरासकट विहिरीत पडली होती. तीनदा गळ टाकूनही ती हाती आली नव्हती. "टाकी शोधताव तं माजी कलशी पन शोधा," ती म्हणाली. "मामानं दिलेली, नाव घातलेली हाय." टाकीत कळश्या सापडत नसतात, असे केतकरांनी तिला सप्रमाण पटवून दिले.

टाकीला एकच वाट होती, दोन बोटे रुंद नळाची. राखणदार सहदेवने त्यातून मोजकाठी सोडली. गळत्या टाकीतली पातळी उतरायला हवी. दुसऱ्या दिवशी ती चार बोटे चढली. केतकरांनी सहदेवला काठी धरण्याचे शास्त्र ऐकवले आणि तिसऱ्या दिवशी स्वतः काठी सोडली. आणखी चार बोटे. काठीला कसलाही वास नव्हता. विहीर त्याच दोन दिवसांत आठ बोटे खाली गेली होती. 'उन्हाचा परिणाम' असे त्यांनी वहीत लिहिले, आणि मग खोडले. त्या वहीतली ती पहिली खाडाखोड.

गुरुवारी भर दुपारी, सर्वांसमक्ष, झाकणाचे गंजलेले आठही बोल्ट छिन्नीने तोडले.

आत काठोकाठ निवळ पाणी होते.

त्यात गळ्यापर्यंत बुडालेली पितळी कळशी. ठिपक्याठिपक्यांची अक्षरे उन्हात वाचता येत होती : चि. सौ. कलावती हिस मामांकडून.

कलावती पुढे झाली नाही. केतकरांनीच कळशी उचलली. तिच्या गळ्याचा दोर खाली अंधारात ताणलेला राहिला.

त्यांनी तो हातभर ओढला.

साठ पावलांवर, विहिरीची रिकामी कप्पी करकरली.

ते थांबले. कप्पी थांबली.

मग दोर त्यांच्या मुठीतून हळूच, वीतभर, आत ओढला गेला.

दोर सोडून, कळशी गुणाजींपुढे ठेवून केतकरांनी वही उघडली. 'गळते' एवढा एकच शब्द लिहिला असता तर गुणाजींना विहीर मिळाली असती आणि सतरा वर्षे अबाधित राहिली असती. टाक शाईत बुडवून त्यांनी गुणाजींकडे पाहिले. तेवढ्यात गुणाजींनी कळशी तोंडाला लावली होती. त्यांनी सावकाश दोन घोट घेतले, मिशा पुसल्या, आणि मान ताठ करून सांगितले,

"टाकी नाय गलत, सायेब. बाव गलते."